मोरचूद, मीठ, जस्त

मोरचूद शिरोड्याच्या खताच्या दुकानातून.
दुकानदार विचारतो, पोफळी किती तुझ्या?
मी म्हणते, एकही नाही.
तो अर्धा किलो जोखतो
आणि पुढचा प्रश्न तराजूतच ठेवतो.

मीठ पलीकडच्या आगरातलं, भरड, जरा मातकट.
जस्ताचा पत्रा सावंतवाडीहून,
एसटीत गुडघ्यांमध्ये उभा धरून.
दाबयंत्र म्हणजे उसाच्या रसाचा जुना चरक.
त्याचे रूळ कुडाळच्या लेथवर घासून घेतले, अगदी गुळगुळीत.
लेथवाला हळहळला,
आता ह्यातून रस कसा निघणार?

एवढं सगळं
एका चौकोनासाठी.

आधी मी होडी काढायचे.
होडी, माड, होडीतला माणूस, माणसाची टोपी.
मग माणूस पुसला. टोपी दोन प्रती एकटीच टिकली,
मग तीही गेली.
माड काढताना हात अडला.
होडीची राहिली नुसती कड,
कडेखाली पाणी, म्हणजे एक आडवी रेघ,
आणि एका दुपारी मी रेघेलाच म्हटलं,
तू ये. बाकीच्यांना आणू नकोस.

प्लास्टिकच्या घमेल्यात निळं पाणी.
पत्रा बुडवला की रेघेतून तांबूस गाळ वर येतो.
कोंबडीच्या पिसाने तो सारत राहायचा,
हळू,
झोपलेल्या पोराच्या तोंडावरची माशी सारावी तसा.
वीस मिनिटांत निळं फिकटतं.
जस्ताने जिथे स्वतःतलं थोडं सोडलं
तिथेच उद्या शाई थांबणार.

न्हानू आरोसकर गोणी टेकवायला आले
तेव्हा दोरीवर सात प्रती वाळत होत्या.
चौकोनात चौकोन,
आतल्याच्या उजव्या कोपऱ्यात केसाएवढी फट.
त्या फटीला मुंबईत एकाने मौन म्हटलं होतं.
मला ते आवडलं होतं, हे कबूल करते.

न्हानूंनी बोट कागदाजवळ नेलं, लावलं नाही.
"ही मेर फुटली हा. हयसून पाणी जातला.
रातीत कोंडी रिकामी."
मी म्हटलं, हे आगर नाही.
"मगे काय ता?"

चौदा वर्षं मला ह्याचं उत्तर येत होतं.

ते मात्र दारातच टाच फिरवून दाखवत होते,
मेर हाताने बांधायची नसते,
चिखल टाकायचा आणि असं दाबायचं, असं,
आणि माझ्या कोब्यावर
त्यांच्या टाचेचा करडा अर्धगोल उमटला.
एकच प्रत. सही नाही.

संध्याकाळी मेरेवरून चालत गेले.
लांबून पट्टीने आखल्यासारखी आगरं,
जवळ गेल्यावर एकही रेघ सरळ नाही.
प्रत्येक कोपरा कुणाच्या तरी वजनाचा.
एका कोंडीत आभाळ होतं,
शेजारच्या कोंडीत तेच आभाळ, पण दाट,
तिसरीत आभाळ संपून पांढरा थर धरला होता,
साईसारखा, फुंकर मारली तर सुरकुतेल असा.

घरी येऊन पत्रा रॉकेलने पुसला.
शाई लावली नाही.
कोरडा पत्रा, ओला कागद, वर जुनं कांबळं,
आणि चरकाचं चाक एकदाच.

कागद निघाला तो कोराच.
पुन्हा पाहिलं, कोराच.
दिव्यासमोर तिरका धरला तेव्हा
चौकोन उठून बसला, आतला चौकोनही,
आणि फट, जिथे कागद केसभर फुगला होता.
डोळ्यांआधी ती बोटाला सापडली.

पुढच्या मंगळवारी न्हानूंना ती आठवी प्रत दिली.
उन्हात नेऊन त्यांनी ती डावीकडे कलती केली,
मग उजवीकडे,
ताटातलं पाणी सांडू न देता फिरवावं तशी.
"ह्या पिकला," ते म्हणाले. "काढूक होया."

मग कागद परत देऊन
मिठाचे पैसे मोजून घेतले,
आणि दहाची एक नोट फाटकी निघाली म्हणून
बदलून मागितली.